नडगीला बोट लावायचं नाही

२८ ऑगस्ट १९८३, रविवार
मंडळाची मीटिंग. नवरात्राची ज्योत यंदाही कार्ल्याहून धावत आणायची. पोरं आळीपाळीने धावणार, मागे टेम्पो. शेवटचा टप्पा, म्हणजे भारतमाता सिनेमापासून आमच्या चाळीच्या दारापर्यंत, ज्योत माझ्या हातात. अनवाणी. सात वर्षं हेच चालू आहे. मिलमध्ये माझ्याच खात्यातला रघु म्हणाला, गुणाजीभाऊ, यंदा तुम्ही टेम्पोत बसा, वय झालं. एक्केचाळीस हे काय वय आहे? उठून सांगितलं, यंदाही मीच. टाळ्या पडल्या. मिलचा संप सुरू झाल्यापासून माझ्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

घरी आलो तर ही वेगळंच घेऊन बसलेली. कुशाबा जॉबर, आमच्या खात्याचा मुकादम, कानात सांगून गेला म्हणे, दसऱ्यानंतर मिल जुन्या साचेवाल्यांना, म्हणजे आम्हा माग चालवणाऱ्यांना, संप चालू असतानाच गुपचूप आत घेणार. आठ तास साच्यावर उभं राहता आलं पाहिजे, बस. ही म्हणते, देवीन पाय साच्यार उभ्या रव्हाक दिल्यान, रस्त्यार बडवूक नाय. मी म्हणालो, आत जायचं की नाही हा तत्त्वाचा प्रश्न आहे. मी विचार करीन. गेट कुठे पळून जात नाही.

उद्यापासून प्रॅक्टिस. रोज वरळीचा समुद्र गाठून परत.

२९ ऑगस्ट
अंग तयार नव्हतं. उद्या डबल.

३० ऑगस्ट
डबल धावलो. झकास. रघुला कळेल.

३१ ऑगस्ट
दोन्ही नडग्या ठणकतायत. उजवी जास्त. दोष डांबराचा. पूर्वीचं डांबर मऊ असायचं.

३ सप्टेंबर
हिने ओढत हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीण अगदी कोवळी पोर. म्हणाली, वर्षभर बसून एकदम लांब धावलात, कडक रस्त्यावर, अनवाणी, म्हणून हाडालगतचे स्नायू सुजले. दोन-तीन आठवडे धावणं बंद. बर्फ कपड्यात गुंडाळून लावा. पोटऱ्या ताणा. मग मैदानात, बूट घालून, थोडं थोडं वाढवा. आणि सगळी नडगी दुखली तर घाबरू नका, पण बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ आली तर हाडाला चीर असेल. लगेच या.

बाई हुशार आहे. पण विश्रांती माझ्या खात्यात दीड वर्षाची जमा आहे हे तिला कुठे ठाऊक? आणि बूट! देवीची ज्योत काय बूट घालून आणायची?

५ सप्टेंबर
बर्फ. खालच्या कमलाबाई मासेवालीने पाटीतला दिला. म्हणाली, बर्फाने बोंबील टिकतो, तू पन टिकशील. थेट कातडीवर बांधला. मध्ये फडकं घातलं की गुण फडक्यालाच. दुपारी डोळा लागला. जाग आली तेव्हा दोन मांजरं माझी नडगी चाटत होती आणि कातडी भाजल्यासारखी लाल. चाटण्याने जरा आराम वाटला.

९ सप्टेंबर
गॅलरीत भिंतीला रेटा देऊन पोटऱ्या ताणत होतो. आनंदीबाई जाता जाता विचारते, खोली वाढवताय काय? चाळीत खेळाडूला किंमत नाही. ताणणं बंद.

१४ सप्टेंबर
एक निरीक्षण. ही रोज चालत वरळीला जाते, ऑफिसं झाडते-पुसते, चालत परत येते. तिच्या नडग्या कधी दुखत नाहीत. कारण उघड आहे. तिला टेक्निक नाही. ज्याला टेक्निक असतं त्याच्याच पायावर लोड येतो.

मैदान मऊ आहे हे मान्य. पण तिथे रघु आणि त्याची पोरं असतात. माझी स्टाइल उचलतील. रस्ताच बरा.

२५ सप्टेंबर
दुखणं आता उजव्या नडगीवर ठरलेल्या एकाच जागी येतं. बसलो तरी येतं. म्हणजे शिस्त आली. बोटाने दाबून बघणार होतो, पण म्हटलं कशाला. तळहाताने दाबलं. तळहाताखाली सगळी नडगी सारखीच दुखते. म्हणजे चीर नाही. डॉक्टरीणबाईंच्याच शब्दांत.

हिने बोट पुढे केलं तेव्हा मी पाय पोटाशी घेतला. म्हणाली, दसऱ्यापर्यंत तरी पाय शाबूत रवांदेत. डोळ्यांत पाणी होतं. बायका लवकर घाबरतात. मलमाची नवी डबी फोडली.

१ ऑक्टोबर
मलम सकाळ, दुपार, संध्याकाळ. वरून घट्ट पट्टी. लंगडतो असं लोक म्हणतात. ती लय आहे.

७ ऑक्टोबर, शुक्रवार, घटस्थापना
ज्योत आली! भारतमातापाशी रघुने माझ्या हातात दिली. सुरुवात फर्स्ट क्लास. दोन्ही बाजूंना माणसं. नेमकं मिलच्या गेटसमोर पायात कट्ट झालं. ज्योत टेकवायची नाही, थांबवायची नाही, हा नियम. मी थांबलो नाही, पाय थांबला. रघु ज्योत मागायला लागला. मी सोडली नाही. शेवटी त्याने मला ज्योतीसकट खांद्यावर टाकलं आणि पळत सुटला. तेल त्याच्या केसांत ठिबकत होतं. पोरं ओरडत होती, भाऊ आले, भाऊ आले! चाळीच्या दारात माणसं इतकी हसली की काहींच्या डोळ्यांत पाणी. हिने तोंड फिरवलं. तिलाही भरून आलं असणार.

आठवं वर्ष. ज्योत माझ्याच हातात होती.

८ ऑक्टोबर
हॉस्पिटल. डॉक्टरणीने एक बोट ठेवलं. माझी किंकाळी बाहेरच्या रांगेपर्यंत गेली असं ही म्हणते. फोटो काढला. चीर. दीड महिना प्लास्टर, पुढचं नंतर बघू. म्हणाली, तेव्हा दोन आठवडे बसला असतात तर ही वेळ आली नसती. मी म्हणालो, तळहाताने तसं काही जाणवत नव्हतं. तिने पेन खाली ठेवलं आणि हिच्याकडे बघितलं.

१७ ऑक्टोबर, सोमवार
काल दसरा झाला. सकाळी कुशाबा आला. ही वरळीला निघाली होती, ती थांबली, त्याला खुर्ची दिली, स्टो पेटवला. त्याने प्लास्टर बघितलं. विचारलं, कधी उभा ऱ्हाशील? मी म्हणालो, मनाने उभाच आहे. चहा व्हायच्या आत तो उठला आणि रघुच्या खोलीकडे गेला. हिने स्टो विझवला. दुपारी रघु डबा घेऊन खाली मान घालून जिना उतरला.

मी गेलो नाही. संप फोडला नाही. या मजल्यावर छातीठोकपणे हे सांगणारा आता मी एकटाच.

संध्याकाळी ही आल्यावर तिलाही हेच सांगितलं. उंबऱ्यात बसली, पातळ जरा वर घेऊन स्वतःच्या नडग्या चोळायला लागली. दोन्ही सुजलेल्या. टेक्निक नसताना हे कसं, ते विचारणार होतो. तेवढ्यात तिने मलमाची डबी मागितली. हात लांब करून दिली.

रिकामी होती.