डावा ड्रम

९ सप्टेंबर, सोमवार

केला गाढवपणा! ट्रकच्या मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक ड्रम उघडून बसलो.

थोरल्या भावाचा, लॅडीचा नियम ठरलेला — एका वेळी एकच चाक उघडायचं, दुसरं नमुन्याला तसंच ठेवायचं. अडलं की पलीकडे जाऊन बघायचं. पप्पांनी त्याला शिकवलं, त्याने मला. ट्रकही पप्पांचाच, एकोणपन्नास सालचा, धान्य वाहायचा. आज लॅडी हाताचे व्यायाम करायला इस्पितळात गेलेला. म्हटलं, तेवढीच मदत. दोन्हीकडचे एक्सलचे दांडे ओढले, ड्रम काढले, ब्रेकचे शू, स्प्रिंगा सगळं एकाच कापडावर! जन्म शाळेची बस चालवण्यात गेला, घाई काही सुटत नाही.

लॅडी आला, कापडाकडे बघत राहिला. एप्रिलमध्ये अर्धांगाचा झटका आल्यापासून शब्द सापडायला त्याला वेळ लागतो. शेवटी म्हणाला, "झालं. आता अडलं तर बघायचं कुठे?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१२ सप्टेंबर

उजवं चाक लॅडीने जोडलं. स्वतः! डावा हात अजून धड वळत नाही, स्प्रिंग ताणायला तेवढं मला बोलावलं. तोंडाने जप चाललेला — "आखूड पुढे, लांब मागे." प्रत्येक चाकातल्या दोन शूंपैकी एकाचं लायनर, म्हणजे घासणारी पट्टी, आखूड असतं, ते ट्रकच्या तोंडाकडे यायला हवं. उलट बसलं तर त्या चाकाला ब्रेक धरत नाही. मी टॉर्च धरून उभा, लक्ष अर्लीनवहिनीच्या खसखस भरलेल्या गोड पावांवर, कोलाचेंवर. ताट घेऊन वहिनी दारातच थांबली होती. एप्रिलनंतर तिला हसताना आज पाहिलं.

"डावं उद्या मी करणार," लॅडीने बजावलं. "तू हात लावायचा नाहीस."

"नाही लावत, बाबा!"

१३ सप्टेंबर

लावलाच.

दुपारी लॅडी दमून झोपला होता. पुढच्या शनिवारी गावची मिरवणूक, ट्रक तोवर व्हायला हवा. डावं चाक मीच उरकलं. शू, स्प्रिंगा, ड्रम, नवं ऑइल सील, दांडा आत, नट आवळून मोकळा.

तो उठून आला. बंद चाकाकडे नुसता बघत राहिला. "हे… मी केलं?"

अर्लीन शेजारीच. कालच शब्द दिलेला. तिच्यादेखत काय तोंडाने सांगू? पटकन बोलून गेलो, "तूच की! विसरलास?"

"असेल," म्हणाला. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

१५ सप्टेंबर, रविवार

चर्चहून आल्यावर ट्रक बाहेर काढला. लॅडी चालवत होता, मी शेजारी. खडीच्या रस्त्यावर त्याने ब्रेक दाबला आणि मागचं डावं चाक जाम! ट्रक गर्रकन फिरला, शेजाऱ्यांची टपालपेटी आडवी करून चरात. लागलं कोणाला नाही. अर्लीन घरातून धावत आली.

लॅडी उतरला. खडीत डाव्या चाकाचा लांब ओरखडा. तो बघत म्हणाला, "डावं. मला ते केलेलं आठवतसुद्धा नाही गं."

"पुरे झालं," अर्लीन म्हणाली. "ट्रकची किल्ली दे. आणि मोटारीचीही."

त्याने दिल्या. एका शब्दाने वाद घातला नाही. टोपीवरून कोणी बोललं तरी तासभर भांडणारा माणूस! मी तिथेच उभा होतो, आणि मी काहीही बोललो नाही.

१६ सप्टेंबर

जेवण गेलं नाही.

१८ सप्टेंबर

अर्लीनने लिंकन शहरातलं गिऱ्हाईक शोधलंय. ट्रक बघायला सोमवारी येणार. लॅडी गराजकडे फिरकत नाही, खिडकीशी बसतो. सगळं विचारून घेतो. "मिलो, मी गोळ्या घेतल्या का रे?" "कॉफीत साखर मी घातली की तू?" झटक्याने त्याचा हात नेला. डोक्यावरचा भरवसा मी नेला. भाऊ म्हणवून घ्यायची लाज वाटते.

डावा ड्रम लावताना आखूड शू कुठे बसवला? घाईत काही बघितलंच नाही. चूक माझीच, दुसरं काय!

१९ सप्टेंबर

सांगून टाकलं. दोघांसमोर, स्वयंपाकघरात. "डावं मी केलं होतं. तू झोपला होतास. खोटं बोललो."

अर्लीनने लाटणं ओट्यावर आपटलं. "साठी उलटली तुझी, मिलो! त्याला चार दिवस असा कुढताना बघवलं कसं तुला?"

लॅडी शब्द जुळवत होता. "म्हणजे मी… विसरलो नव्हतो." मग त्याचा चेहरा असा उजळला! "अर्लीन, मी केलंच नव्हतं, तर आठवणार काय कपाळ? माझं उजवं! आणि उजवं बरोबर आहे!"

तो हसत होता. मला शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं. अर्लीनने डोळे पुसले आणि ट्रकची किल्ली त्याच्यापुढे सरकवली. मिरवणुकीत ट्रक तोच चालवणार, मागे नातवंडं.

"उद्या डावं उघड आणि नीट लाव," मला म्हणाला. "उजव्याला हात लावू नकोस. नमुन्याला राहू दे!"

२० सप्टेंबर, शुक्रवार

डावं उघडलं. आखूड पुढे, लांब मागे. बरोबर होतं.

पुन्हा बघितलं. बरोबरच. मग उजवं उघडलं.

उलटं. डाव्या चाकासमोर बसलं की ट्रकचं तोंड आपल्या डाव्या हाताला येतं, उजव्यासमोर बसलं की उजव्या. लॅडीने इथेही आखूड शू डाव्या हातालाच लावला होता. ब्रेक धरत होता तो एकट्या माझ्या चाकाला. त्याने बघायचं तरी कुठे? नमुना मीच उघडून ठेवला होता.

शू बदलले. दोन्ही ड्रम बंद केले. हात पुसतोय तोवर अर्लीन कॉफी घेऊन आली.

"सापडली चूक? मोटारीची किल्लीही देऊन टाकली मी त्याला. नातवंडांना तोच आणायला गेलाय."

"सापडली," म्हटलं. "डावीकडेच होती."