मागच्या खोलीत कोणी राहायला गेले नाही

मी, खाली सही करणार, वय बहात्तर, धंदा शेती आणि दूध, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कमरेच्या हाडात धातूची पट्टी बसवल्यापासून चालायला काठी लागते, डोके मात्र जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. घरात दबाव आणण्याइतके बोलणेच उरलेले नाही. यापूर्वी एक मृत्युपत्र केले होते, त्यात सगळे मुलाला दिले होते. ते मी रद्द करतो.

कलम १. यात लिहिलेली जमीन, घर, गोठा आणि गुरे माझी स्वकष्टार्जित आहेत. वडील जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबले. बैलांमागे चालायला त्यांनीच शिकवले, पण बैल मालकाचे. जमीन मी तुकड्यातुकड्याने घेतली. पहिला तुकडा नुसता दगडांचा होता, कोणाला नको होता म्हणून मिळाला. लग्नानंतरचे पहिले वर्ष मी आणि पत्नीने दगड वेचण्यात घालवले. पश्चिमेचा बांध त्याच दगडांचा आहे. या मालमत्तेवर भाऊबंदांपैकी कोणाचाही हक्क नाही.

कलम २. मला वारस दोनच, पत्नी आणि एक मुलगा. मुलगा शहरात शीतगृहाची यंत्रे दुरुस्त करतो. त्याच्या बाबतीत जे घडले ते इथे सविस्तर लिहिणे भाग आहे, नाहीतर पुढची कलमे वेड्याने लिहिली असे वाटेल.

पासष्टी आली की शेत मुलाच्या हाती द्यायचे आणि आपण मागे सरायचे, हे मी पन्नाशीतच ठरवले होते. मुलगा शिकून परत आला आणि चार वर्षे माझ्या हाताखाली राहिला. काम वाईट नव्हते त्याचे. धारेला हात हलका होता, लाथाळ गाय त्याच्यापुढे पाय उचलत नसे. मी चुका दाखवत गेलो, कारण त्याशिवाय माणूस तयार होत नाही. तो ऐकून घेई. कधी उलट बोलला नाही, हा मी त्याचा गुण समजत होतो.

आम्हा दोघांसाठी घरामागे एक खोली बांधली. बसल्या जागेवरून लक्ष राहावे म्हणून खिडकी गोठ्याकडे ठेवली. फरशी पत्नीने निवडली, फिकट हिरवी. दुकानातून दोन नमुने हातात घेऊन ती उजेडात जाऊन आली होती. ही गोष्ट मी मुद्दाम लिहीत आहे.

शेत सोपवण्याच्या दिवशी वकिलांना कागद घेऊन बोलावले. शेजारी, दूध केंद्रावरचे लोक, टायरवाला, सगळ्यांना जेवायला सांगितले. अंगणात भाड्याच्या खुर्च्या मांडल्या. फाटकावर मुलाचे नाव रंगवून घेतले होते. रंग ओला होता, म्हणून येईल त्याला मी अंग चोरून आत या म्हणत होतो. मुलगा सकाळपासून दिसेना. वाटले, दाढी करायला गेला असेल. मग टायरवाल्याने मला बाजूला घेऊन सांगितले की तो पहाटेच्या बसने गेला. हातात मोठी बॅग होती, बसच्या कंडक्टरने पाहिले.

आलेल्या माणसांना उपाशी कसे घालवणार? पत्नीने सगळ्यांना वाढले. वकील नको म्हणत होते, त्यांना आग्रह करून वाढले. एकाचेही पान तिने रिकामे राहू दिले नाही. मला तेव्हा तिचे कौतुक वाटले होते.

त्यानंतर सहा वर्षे मी मुलाशी बोललो नाही. मी त्याला पळपुटा म्हणालो. ते नाव टायरच्या दुकानात गेले, तिथून दूध केंद्रावर, आणि आता पंचक्रोशीत त्याला दुसरे नाव नाही. त्याच्या लग्नाला मी गेलो नाही. पत्नीही गेली नाही. माझी बाजू घेऊन राहिली, असे मी समजत होतो. जेवताना मी त्याच्या नावाने बोटे मोडत असे. ती वाढता वाढता म्हणायची, जाऊ द्या, अन्न गार होतंय.

गेल्या वर्षी चारा काढताना माळ्याच्या शिडीवरून पडलो आणि दवाखान्यात गेलो. मुलगा भेटायला आला. मी भिंतीकडे तोंड केले. त्याने उशाशी पाण्याची बाटली भरून ठेवली आणि तो गेला. पत्नी पायथ्याशी पांघरुणाची घडी घालत होती. घडी न थांबवता म्हणाली, "त्याच्याकडे पाठ फिरवू नका. त्याला मीच जा म्हटलं होतं."

मला नीट ऐकू आले नाही असे वाटले. तिने पुन्हा सांगितले. मुलाने तिला गोठ्यात विचारले होते, आई, मला जमेल का गं हे सगळं? ती मला म्हणाली, "मी म्हटलं, जमेल रे. सगळं जमतं. मलाही जमलंच की. म्हणूनच जा."

मी विचारले, मग मला का नाही सांगितलेस? तेव्हा जे ती बोलली ते शब्दशः लिहून ठेवतो, कारण वर्षभर प्रयत्न करूनही ते डोक्यातून जात नाही. ती म्हणाली, "तुम्हाला वारस नको होता हो, जोडीला जुंपायला बैल हवा होता. एक जुंपलेला होताच."

हे कधीचे, म्हणून विचारले. खोलीचा पाया खणला तेव्हाचे, ती म्हणाली. म्हणजे फरशी त्यानंतरची. तेही मी तिला म्हणालो. ती म्हणाली, "फरशी तर बसवायचीच होती ना."

मुलगा गेला हे दुःख मी सोसले असते. माणसे जातात. पण सहा वर्षे मी भलत्या माणसावर रागावलो होतो, आणि ज्याच्यावर रागवायचे ते माणूस समोर बसून मला आणखी वाढू का विचारत होते. दवाखान्यातून आल्यापासून आम्ही कामापुरते बोलतो. गाय व्याली, दिवे गेले, औषध घेतले का. इतकेच.

कलम ३. राहते घर आणि त्यातील सर्व वस्तू मी पत्नीस देत आहे, कोणत्याही अटीविना. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे किंवा कुलूप लावून हवे तिथे जाऊन राहावे.

कलम ४. सर्व जमीन वेल्डरची थोरली मुलगी कसेल. तिला सगळे ट्रॅक्टरवाली म्हणतात. मुलगा गेल्यापासून निम्म्या वाट्याने तीच कसते आहे. उत्पन्नाचा निम्मा वाटा पत्नीला तहहयात मिळावा, आणि पत्नीच्या पश्चात जमीन ट्रॅक्टरवालीच्या मालकीची व्हावी. परक्या घरात जमीन का घातली म्हणून विचारणारे विचारतील. त्यांना माझे उत्तर असे, की मी तिला उतारावर नांगर कसा धरावा ते सांगतो आणि ती ऐकत नाही. पण ऐकणार नाही हे ती इंजिन बंद करून, माझ्या तोंडावर सांगते. माझ्या घरात ही सोय कोणी केली नाही.

कलम ५. मागची खोली. तिथे कोणी राहायला गेले नाही. सध्या आत कांदे आणि पेंडीची पोती आहेत. ती ट्रॅक्टरवालीने कोठार म्हणून वापरावी. फरशी उखडायची असेल तर खुशाल उखडावी.

कलम ६. बँकेतील ठेव मुलास द्यावी. जमीन त्याला देत नाही, आणि ही शिक्षा नव्हे. त्याला ती नको आहे हे मला आता कळले आहे. त्याने स्वतः सांगितले असते तर मी काय केले असते, ते मला सांगता येत नाही. त्याला आणि त्याच्या बायकोला या घरात यायला माझी मनाई होती. ती आजपासून उठवतो.

कलम ७. गुरे. माझ्या मृत्यूनंतरची पहिली धार ट्रॅक्टरवालीने काढावी. पत्नीला उठवू नये. सवयीने जाग आलीच, तर तिने कूस बदलून पुन्हा झोपावे. गुरे त्याच आठवड्यात चांगल्या दावणीला विकावीत, लाथाळ गाय मात्र स्वभाव सांगूनच विकावी. हे कलम मी मायेने लिहिले असे पत्नीने समजू नये. तिचे म्हणणे खरे असेल, तर तिचे काही देणे माझ्यावर राहू नये, एवढाच त्याचा अर्थ.

कलम ८. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी गुरांच्या डॉक्टरांना नेमतो. हा कागद त्यांनी, पत्नीने आणि मुलाने मिळून वाचावा, चौथ्याला दाखवू नये. ट्रॅक्टरवालीला तिच्यापुरती कलमे तोंडी सांगावीत.

डॉक्टरांवर आणखी एक काम सोपवतो. मी गेल्यावर लोक जमतील. तेव्हा त्यांनी टायरवाल्याला, दूध केंद्रावरच्यांना आणि त्या दिवशी आमच्या अंगणात जेवून गेलेल्या प्रत्येकाला सांगावे, की मुलगा पळून गेला नव्हता. त्याला जा म्हणून बापानेच सांगितले होते, आणि पुढे बापाला ते कबूल करायची लाज वाटली, म्हणून पोराचे नाव खराब केले. खरे काय ते सांगू नये. आईने पाठवले म्हटले की लोक तिचे नाव या दारातून त्या दारात नेतील, आणि तिला अजून या गावात राहायचे आहे.

लोक मला नावे ठेवतील तेव्हा पत्नीने गप्प बसावे. ते तिला जमते.

वरील मजकूर मी पुन्हा वाचून पाहिला आहे. तो माझाच आहे.

ठिकाण: राहत्या घरची पुढची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर

सही: शेतकरी, या घराचा मालक

आम्ही दोघांनी त्यांना आमच्या डोळ्यांदेखत सही करताना पाहिले, आणि मग त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या. मजकूर आम्हाला वाचायला दिलेला नाही.

साक्षीदार १: टायरवाला
साक्षीदार २: दूध केंद्रावर वजन करणारा