वहीतलं हॉटेल

६ मार्च, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, तुम्ही दोघं कसे आहात? फोनवर तू "बोल पटकन" म्हणतेस, आणि पटकन बोलण्यासारखं मला काही सुचत नाही, म्हणून कागद घेऊन बसले. जेवणाची गर्दी आत्ताच ओसरली. आचारीकाका पिठाची रिकामी गोणी डोक्याखाली घेऊन मागच्या पायरीवर आडवे झालेत. आई फ्रिजच्या दाराचं रबर पुसतेय. मी म्हटलं, जरा बस की. म्हणाली, "बसले की मग उठवत नाही गं."

आपला वाढपी, ज्याचं नाव तू 'सावकाश' ठेवलंस, तो अजून टिकून आहे. परवा एका बाईंनी त्याला विचारलं, "सूप गरम आहे ना?" हा म्हणतो, "आतून निघालो तेव्हा होतं." आईला हसू आवरेना. तीन वर्षांत त्याचा चालण्याचा वेग वाढलेला नाही, पण हातून एक कप फुटलेला नाही हेही खरं.

मी पास झाल्यापासून आई गिऱ्हाइकांना माझी ओळख "आमची ग्रॅज्युएट" अशी करून देते. नळ गळला तरी मलाच हाक मारते. शिकलेल्या माणसाला माहीत असणारच, असं तिला वाटतं. मेनूकार्डं जुनी होऊन पानं एकमेकांना चिकटायला लागली होती, तर नवी छापून आणायचं कामही ग्रॅज्युएटकडेच आलं. त्यात एक गंमत झाली. छापखान्यात द्यायच्या कागदांची सरमिसळ झाली आणि आईच्या निळ्या वहीतलं एक पान छापून आलं.

ती वही तुझ्याइतकी कुणाला माहीत असणार? बाबा गेल्यापासून आई त्यात नसलेली हॉटेलं लिहिते. दीपगृहातलं एकाच टेबलाचं, डोंगरावरचं, जिथे मालकीण आधी जेवते. छापून आलं ते वाचनालयातलं हॉटेल. तिथे कुणी बोलत नाही, म्हणून पदार्थही आवाज न करणारे. कुजबुज सूप. झोपलेलं अंडं. सात तास शिजवलेला कांदा, चावावासुद्धा लागू नये असा. पहिल्याच पानावर, चौकटीत. दोनशे कार्डं.

आईनं कार्ड वाचलं, मग पुन्हा वाचलं. "यावर कागद चिकटवून टाक," एवढंच म्हणाली. मी कागद कापतेय तोवर समोरचा शिंपी येऊन बसला, आणि कार्ड लांब धरून म्हणाला, "एक कुजबुज सूप द्या. आणि जरा हळू आवाजात द्या."

आता काय करणार? आई आत जाऊन मिनिटभर नुसती उभी राहिली. मग तिनं भोपळा शिजवला, दोनदा फडक्यातून गाळला, तळाशी एक कण राहू दिला नाही. शिंप्यानं वाडगा पुसून खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी तिघांना घेऊन आला. आता दुपारी बाहेर बाकावर लोक थांबलेले असतात. टेबलावर बसले की आपोआप हळू बोलतात. मजा वाटते बघायला.

ताई, कॉलेजात आमच्या बाई म्हणायच्या, घरोघरी बायका जे करतात त्याला कुणी नाव देत नाही म्हणून ते दिसत नाही. आईच्या मनातल्या गोष्टीला आता नाव आहे, छापलेलं. तू म्हणाली होतीस की या हॉटेलनं आईला खाल्लं. एकदा येऊन बघ. आता हे हॉटेल खरंच तिचं झालंय.

आई जरा दमते. पण ते काय, नेहमीचंच.

तुझी,
छोटी


२२ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी, त्यातली एक हवेबद्दल. तरी मी ते तीनदा वाचलं.

तू विचारलंस, आई स्वतः काय म्हणते? आई काही म्हणत नाही. सात तासांच्या कांद्यासाठी पहाटे साडेचारला उठते. मी सुचवलं की कुकरमध्ये लावू, कुणाला कळणार आहे? तर म्हणाली, "कार्डावर सात लिहिलंय ना?" आचारीकाकांनी आपली नेहमीची कामं सांभाळली आहेत, पण या नव्या पदार्थांना ते हात लावत नाहीत. म्हणतात, "हे मालकिणीच्या डोक्यातलं आहे, माझ्या हातात यायचं नाही." काल मला ऐकवलंच त्यांनी. "ग्रॅज्युएटबाई, पुढचं कार्ड छापाल तेव्हा त्यात 'बसलेली मालकीण' असाही एक पदार्थ टाका. बघू कुणी मागवतं का."

आईच्या हाताला थोडं लागलंय. काळजीचं कारण नाही, डॉक्टरांनी पट्टी बांधून दिली आहे. दोन दिवस हॉटेल बंद ठेवलंय. बाबा गेले तेव्हासुद्धा आपण तिसऱ्या दिवशी उघडलं होतं, त्यामुळे तुला भलतंसलतं वाटेल, म्हणून मुद्दाम सांगते की तसं काही नाही.

वहीत ती सध्या लिहीत नाही. वेळ मिळत नसेल.

तुमच्याकडचं नवं स्वयंपाकघर लावून झालं का? ओटा तुझ्या उंचीचा करून घेतलास ना? इथला तुला नेहमी ठेंगणा पडायचा.

तुझी,
छोटी


२९ मार्च

ताई,

दोन्ही पत्रांत मी तुला खरं लिहिलं नाही. आता सरळ लिहिते, तू सरळ वाच.

आईचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजलाय. वीस तारखेला सकाळी ती कांदा ढवळत उभी होती आणि उभ्या उभ्या तिचा डोळा लागला. पातेलं कललं. ओरडली नाही. मी पुढे टेबलं पुसत होते, मला फक्त पातेलं पडल्याचा आवाज आला. आत गेले तर ती नळाखाली हात धरून उभी, आणि आचारीकाकांना सांगतेय, "खाली सांडलंय, पाय जपून टाका." डॉक्टरांनी महिनाभर पाणी आणि आच, दोन्ही बंद सांगितलंय. हॉटेल अजून उघडलेलं नाही. दारावर पाटी आहे. शिंपी रोज मागच्या दारानं येऊन तिसऱ्या नंबरच्या टेबलावर एक फळ ठेवून जातो.

हाताचं मला इतकं भय वाटत नाही. ती स्वतःच म्हणते, "हा काय पहिल्यांदा भाजलाय का?" जे झालंय ते दुसरंच आहे, आणि ते सांगायला मला तुझ्याशिवाय कुणी नाही.

मंगळवारी मी रिकामं हॉटेल झाडत होते. खिडकीपाशी ते डगमगणारं टेबल आहे ना, त्याच्या पायाखाली घडी घातलेला कागद होता. काढून उलगडला. दीपगृहाचं पान. वहीतून फाडलेलं, आठ घड्या. मग शोधायलाच लागले. डोंगरावरचं हॉटेल मसाल्याच्या फळीवर अंथरलेलं सापडलं, त्यावर बरण्यांचे गोल डाग. वही अर्धी झाली आहे.

मी पान घेऊन आईकडे गेले. विचारलं, "हे काय केलंस?"

"टेबल हलत होतं."

"दुसरा कागद नव्हता?"

ती डाव्या हातानं चमचे निवडत होती. मोठे एकीकडे, लहान एकीकडे. म्हणाली, "दमले की मी तिथे जायचे, छोटे. बसायचे जरा. तिथे कुणी काही मागत नव्हतं. आता तिथेही गिऱ्हाईक बसलंय."

रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. 'भाजी संपली' असं गिऱ्हाइकाला सांगावं तशी ती बोलली.

ताई, कागदांची सरमिसळ झाली नव्हती. आई झोपलेली असताना मी ते पान माझ्या अक्षरात उतरवून घेतलं, पट्टीनं चौकट आखली आणि पहिल्या पानावर मोठं छापा म्हणून सांगून आले. सगळ्यांना सांगितलं की चूक झाली. मला वाटत होतं की मी तिच्यासाठी काहीतरी मोठं करतेय. शिकले त्याचा या घराला उपयोग झाला पाहिजे, असं मी रोज स्वतःशी म्हणायचे. तिचं कर्तृत्व लोकांना दिसेल, तिला मान मिळेल. मान मिळाला. आणि साडेचारचा गजर मिळाला.

तरी हेसुद्धा पूर्ण खरं नाही. पूर्ण खरं असं आहे की मला तुझा हेवा वाटायचा. दुपारी तुम्ही दोघी बाकावर आडव्या व्हायचात, आई वाचायची आणि तू गिऱ्हाईक होऊन तक्रारी करायचीस. "अहो, तुमच्या दीपगृहात वारा फार. माझ्या सूपला लाटा येतायत." आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. मी दारात आले की म्हणायची, "तू अभ्यास कर बाळा, तुला शिकायचंय." मी आत जाऊन पुस्तक उघडायचे आणि भिंतीला कान लावायचे. तिनं मला ती वही एकदाही वाचून दाखवली नाही. मी ती नेहमी चोरून वाचली. म्हणून मग छापली. सगळ्या गावाला दाखवली की त्यात मीही आलेच.

चोरून वाचलेलं आणखी एक तुला सांगायला हवं. तू सामान बांधून गेलीस तेव्हा आई भाजी चिरत राहिली, दारापर्यंतसुद्धा आली नाही. तू ते धरून बसली आहेस, आणि तुझी चूक आहे असं मी म्हणत नाही. पण त्याच आठवड्यात तिनं एक हॉटेल लिहिलं. स्टेशनवरचं. जे गाडीनं जातात त्यांना तिथे प्रवेश नाही, फक्त सोडायला आलेल्यांसाठी आहे. गाडी सुटल्यानंतर उघडतं. सगळे पदार्थ एकेकट्याला पुरतील एवढेच. तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय, "मालकीण रोज इथेच जेवेल." ते पान अजून वहीत आहे. तेवढं तिनं फाडलेलं नाही.

काल सकाळी ती पुन्हा चमचे निवडत बसली होती, तेव्हा मी तिला सांगून टाकलं. "आई, ते पान चुकून गेलं नव्हतं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"कार्डांच्या गठ्ठ्यात मूळ कागद परत आले होते. तुझं अक्षर मी ओळखणार नाही? चौकटसुद्धा पट्टीनं आखलेली." मग चमच्यांकडे बघत म्हणाली, "मी आखली असती तर वाकडी आली असती."

"मग बोलली का नाहीस? वीस दिवस का करत राहिलीस?"

"तू इतकी खूश होतीस. शिकून आल्यापासून पहिल्यांदा तुला इथलं काहीतरी आवडलं होतं."

पदवी घेतली तेव्हा व्यासपीठावर जाताना मला वाटलं होतं की आता मला सगळं समजायला लागेल. ताई, माझ्या आईला काय हवंय हे मला समजलं नाही, आणि मला जे हवं होतं ते तिनं वीस दिवस पातेल्याशी उभं राहून मला दिलं.

कार्डं मी रद्दीत घातली. आचारीकाका म्हणाले, "एक ठेवू का? माझ्या नातीला दाखवेन." मी नको म्हटलं.

आता तुझ्याकडे मागणं आहे. तू ये. हॉटेल चालवायला नको, ते बंदच राहणार आहे, पाटीवर तारीख लिहिलेली नाही. आईची माफी मागायला किंवा तिनं मागावी म्हणूनही नको. नुसती ये आणि दुपारी तिच्या शेजारी आडवी हो. वहीचं नाव काढू नकोस. तिला नव्यानं काही सुचलं तर ती तुला सांगेल. मला सांगणार नाही, आणि आता सांगू नये असं मलाही वाटतं. माझ्या कानावर पडलेलं तिला पुन्हा कधी सुरक्षित वाटायचं नाही.

म्हणून तू आलीस की मी जाणार आहे. कॉलेजमधली मैत्रीण एका शाळेत शिकवते, तिच्याकडे महिनाभर राहीन. त्या शाळेत एक जागा आहे, अर्ज करून बघेन. हे मी रुसून करत नाहीये. या घरात भिंतीला कान लावणारं कुणी असायला नको, एवढंच.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं आलीस तर मी स्टेशनवर किल्ली द्यायला येईन. औषधं फडताळात वरच्या खणात आहेत. पट्टी दिवसाआड बदलायची. जुनी ओढून काढू नकोस, आधी कोमट पाण्यानं ओली कर, मग ती आपोआप सुटते. मलम पातळ लावायचं, कोपराच्या आतल्या बाजूला सगळ्यात जास्त दुखतं, तिथे फुंकर घालत लाव. "राहू दे, मी करते" असं ती दर वेळी म्हणेल.

राहू देऊ नकोस.

तुझीच,
छोटी