चौथ्या खुंटीची वाळू

६ जानेवारी
चाळणी पुन्हा बुजली! किनारा तपासायला खात्याने खुंट्या ठोकल्यात, दर महिन्याला प्रत्येकीपाशी वाळू घेऊन मी चाळायची. हा चौथ्या खुंटीचा नमुना — हॉटेलसमोरचा, गुडघाभर पाण्यातला. पाहुण्यांना पोहायला संथ पाणी हवं म्हणून समुद्रात भिंत घातली. आता आत लाटच येत नाही. वाळू होती तिथे काळा गाळ, सडक्या अंड्यांचा वास. तीन दिवस धुतोय. कंबर गेली. जेवताना मेहुण्यापुढे कुरकुरलो — तो त्याच हॉटेलचा ट्रॅक्टर चालवतो. "दाजी, तुम्ही चिखल मोजता की चिखल तुम्हाला?" मला हसू आलं नाही.

५ फेब्रुवारी
चौथी खुंटी — स्वच्छ वाळू! तासाभरात चाळून मोकळा. मनातल्या मनात हात जोडले.

६ मार्च
पुन्हा स्वच्छ.

७ एप्रिल
तिसऱ्यांदा. खात्यातले साहेब खूश. "किनारा आपोआप सावरतोय. हॉटेलच्या दुसऱ्या भिंतीला परवानगी द्यायला हरकत नाही." पण तिसऱ्या आणि पाचव्या खुंटीला गाळ घोट्याएवढा! मधलीवरच कृपा? तसं म्हणालो तर साहेब म्हणतात, "तुम्हाला चांगलं बघवतच नाही." वा!

८ एप्रिल
बरणीतल्या वाळूवर आम्लाचा थेंब टाकला. इथली वाळू शिंपल्यांच्या चुऱ्याची, फसफसते. ही गप्प. म्हणजे नदीची — हॉटेलवाले खुर्च्यांखाली पसरायला आणतात ती. आणि हे तीन महिने मला सुचू नये! माझ्या आळसाला मी देवाची कृपा म्हणत होतो.

मेहुण्याला विचारलं. "हो, मीच टाकतो. तुम्ही नमुना घ्यायच्या आदल्या ओहोटीला दोन ट्रॉल्या. कंबर दुखते म्हणालात ना!"

कपाळावर हात मारला. बायको फणकारली, "माझ्या भावाने चांगलं केलं तरी तुम्हाला वाकडंच!" रागवायला निदान माणूस लबाड तरी हवा!

१० एप्रिल
पूजेला बसतो, मन गाळात. बोललो तर त्याची नोकरी जाते. गप्प बसलो तर दुसरी भिंत होते, उरलेला किनाराही असाच सडतो — माझ्या सहीने. बायको म्हणते, "पुढे टाकू नको म्हणते त्याला. झालं गेलं सोडा." सोडा! त्या झाल्या गेल्यावरच भिंत उभी राहणार आहे.

११ एप्रिल
साहेबांना लेखी दिलं. चौथ्या खुंटीचे तिन्ही निकाल रद्द समजावेत. वाळू ट्रॅक्टरने आणून टाकलेली आहे. कोणी टाकली ते लिहिलं नाही. हॉटेलात ट्रॅक्टर चालवणारा एकच आहे.