लायलनं दिलेली खूण

१२ ऑक्टोबर

दिली! अखेर दिली! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपण ती घोड्याएवढी हरणं, एल्क, कुठे मारतो हे लायलनं मला कधी सांगितलं नव्हतं. आज स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघांचे जीपीएस शेजारी ठेवले, दोन-चार बटणं दाबली, आणि त्याच्या शिकारीच्या तळाची खूण माझ्या जीपीएसमध्ये येऊन बसली. बॉनी ओढ्याच्या वरच्या अंगाला, वणव्यात जळलेल्या रानात.

मीच हट्ट धरला होता. "तू परत आला नाहीस तर माणसं कुठे पाठवू?" "आलो नाही तर दुसरा नवरा बघ" — नेहमीचंच उत्तर. मग मी बोलणंच टाकलं. तेव्हा कुठे सुतासारखा सरळ झाला. वर दम दिलाच — "टकरला सांगशील तर बघ!" टकर म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे खरं आहे.

आमच्या खोऱ्यात माणसाला पगार विचारावा, वजन विचारावं, पण एल्क कुठे मारला ते विचारू नये. विचारलंच तर शेजारचा डोंगर सांगतात. याला कोणी खोटं म्हणत नाही. लायलनं तर पाद्रीबाबांनाही चर्चच्या पायरीवर उभं राहून शेजारचा डोंगर सांगितला होता! मी बाजूला उभी राहून हसू दाबत होते.

१४ ऑक्टोबर

गेला. मक्याचा पाव आणि हकलबेरीचा मुरांबा बांधून दिला. रविवारी येतो म्हणाला. माझा गुडघा असा नसता तर निदान गाडी ठेवतो तिथपर्यंत सोबतीला गेले असते.

१८ ऑक्टोबर

आला नाही. एल्क पडला असेल. एवढं मांस पाठीवरून गाडीपर्यंत आणायचं म्हणजे एखादा दिवस इकडेतिकडे होतोच. मिरची-मटणाचा रस्सा करून ठेवलाय. बर्फ भुरभुरतंय.

१९ ऑक्टोबर

नाही आला. हॅल बेकस्टेडला फोन केला. आमच्याकडे डोंगरात कोणी हरवलं की शोधायला हाच माणसं गोळा करतो. म्हणाला, "नोरीन, तुझ्याकडे खूण आहे? देवाची कृपा. बायकांकडे कधीच नसते!"

खुणेचे आकडे वाचून दाखवले, अंश, मिनिटं, सगळं. मग शेरीफच्या माणसाला वाचून दाखवले. मग हेलिकॉप्टरवाल्याला. आता न बघता म्हणता येतात.

२० ऑक्टोबर

गाडी सापडली, जिथे ठेवतो म्हणाला होता तिथेच. पण तिथून दोन वाटा फुटतात, एक बॉनी ओढ्याकडे, दुसरी डोंगराच्या पलीकडे किल्डी ओढ्याकडे. बर्फ पडून गेलंय, पावलं दिसत नाहीत.

हॅलची माणसं दिवसभर खुणेपाशी हिंडली. काही नाही. तंबू नाही, शेकोटीची राख नाही. जळके पाइन एकमेकांवर आडवेतिडवे पडलेत, त्यावर मांडीभर बर्फ. वरून हेलिकॉप्टरनंही बघितलं. काही नाही!

२१ ऑक्टोबर

टकर आला. टोपी हातात धरून दारातच उभा राहिला. "रागावू नकोस, ताई. पण लायल आणि खरी खूण? त्यानं आपल्या सख्ख्या आईला सांगितली नसती."

मी म्हटलं, मला दिली.

"तू पिच्छा पुरवलास म्हणून दिली. एक डोंगर सरकवून दिली असणार. मी माझ्या बायकोशी हेच केलंय. सगळे करतात, अगं!"

नंतर हॅलचा फोन. हवा बिघडतेय. माणसं थोडी, दोन्ही ओढ्यांना पुरणार नाहीत. कुत्रं तर एकच. "उद्या परत बॉनीलाच जाऊ, की किल्डीला? तू सांग. तू त्याची बायको."

टकर माझ्याकडे बघतोय. डोळ्यांसमोर ती चर्चची पायरी आली, पाद्रीबाबा, आणि लायलचा तो साळसूद चेहरा. माझ्यासमोर टेबलाशी बसला होता तेव्हाही चेहरा तसाच होता का? आठवेना.

किल्डी, म्हणाले.

२२ ऑक्टोबर

किल्डीला काही नाही.

२३ ऑक्टोबर

काही नाही. शेजारच्या बायका भांडी भरभरून जेवण आणून ठेवतायत. कोण खाणार? फ्रीज लावता लावता रडले.

२५ ऑक्टोबर

थांबवलं. बर्फ कमरेच्या वर गेलं. हॅल स्वतः सांगायला आला, बूट काढून आत आला, एवढा मोठा माणूस मोज्यांत उभा. "उन्हाळा लागला की बघू, नोरीन." बघू म्हणजे काय ते दोघांनाही कळलं.

७ नोव्हेंबर

त्याचा वास असलेली उशी बदलली नाही अजून.

१९ नोव्हेंबर

सासूबाई आल्या होत्या. इर्माबाई कधी रडत नाहीत, आजही नाही. कॉफी अर्धी प्यायल्या आणि एकदम विचारलं, "ती खूण देताना त्याचे कान लाल झाले होते का गं? लहानपणी थाप मारली की व्हायचे."

टोपी होती डोक्यावर. कानांवर ओढलेली.

मग त्याच म्हणाल्या, "जाऊ दे. बायकोशी नसेल बोलला खोटं." मी एकदम भडकले. म्हटलं, मग कुठे आहे तो? सांगा ना, कुठे आहे? म्हाताऱ्या बाईवर ओरडले! त्या उठल्या, माझा कप विसळला, डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या.

२५ डिसेंबर

टकरकडे बोलावलं होतं. नाही गेले.

९ जानेवारी

आज नुसता राग. एक एल्क! एका एल्कसाठी बायकोला चकवलंस, लायल! मी कोणाला सांगणार होते? मला ना शिंगं भिंतीवर लावायची, ना बारमध्ये बढाया मारायच्या. तू परत यावास एवढंच पाहिजे होतं. खरं सांगितलं असतंस तर पहिल्याच दिवशी तुझ्यापाशी माणसं असती. आणि मी तुझ्याशेजारी बसून ती खूण बघत होते, खुळ्यासारखी खूश झाले होते. मनात म्हटलं, आता हा आपल्याला सगळं सांगतो! रात्री तुला मिठी मारून थँक्यू म्हटलं होतं. तू हसलास. कशाला हसलास?

माणूस गेल्याचं दुःख एकट्यानं तरी करता येतं. हे मात्र करताना मधे सारखा तूच येतोस, त्या चेहऱ्यानं.

२ मार्च

टकर लाकडं फोडून देऊन गेला. म्हणाला, त्यानं आपल्या बायकोला सगळ्या खऱ्या खुणा देऊन टाकल्या. नकाशा पसरून, बोट ठेवून दाखवल्या. मला सांगताना रडला. मी त्याला पाणी दिलं. चांगलं केलंस म्हटलं. मनातून त्याच्या बायकोचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

१७ एप्रिल

छपरावरचं बर्फ धडाधड खाली पडतंय. गुडघा आता बरा. आज कपाट आवरायला काढलं, त्यात माझा जीपीएस हाती लागला. बॅटरी बदलली, सुरू केला. ती खूण होती तशीच. बाण लगेच वळून डोंगराकडे दाखवायला लागला, किती आज्ञाधारक!

पुसून टाकली. "नक्की पुसायची का?" असं यंत्रानं विचारलं. हो म्हटलं. घरात ती नको मला.

११ मे

हॅलचा फोन आला. एल्कची गळून पडलेली शिंगं वेचायला दोन पोरं डोंगरात गेली होती, त्यांना लायल सापडला. मोठ्या जळक्या पाइनखाली. झाड वाऱ्यानं त्याच्यावर आणि तंबूवर पडलं, वरून बर्फानं सगळं झाकलं. तत्काळ गेला असणार, म्हणाला. खरं की मला बरं वाटावं म्हणून, देव जाणे.

"कुठे?" एवढंच विचारलं.

हॅल हळूहळू आकडे वाचायला लागला. चव्वेचाळीस अंश, एकोणीस मिनिटं...

पुढचे आकडे मीच म्हटले, न बघता.