तुझ्यासाठी उतरवलेला आवाज

आई,

तुझा आवाज गेला तेव्हा आपण डिलाईल रोडच्या चाळीतच राहत होतो. तू परळच्या हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर बसायचीस, आणि तुझी हाक बाहेर फुटपाथवर पथारी टाकलेल्या नातेवाइकांपर्यंत पोचायची. माइक बंद पडला की तिथले डॉक्टर हसून म्हणायचे, बाई आहेत ना, मग घाई काय दुरुस्तीची? रविवारी विहारात वंदना तू सांगायचीस आणि बाकीचे तुझ्यामागून म्हणायचे. त्याच गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्र काढलं, आणि तू घरी आलीस ती मानेवर पांढरा रुमाल बांधून, हातात पाटी घेऊन. चाळीतल्या बायका भेटायला यायच्या तेव्हा तू पाटीवर सगळं सविस्तर लिहायचीस, पण तुझं वाक्य पुरं होईपर्यंत त्या दुसऱ्याच विषयावर गेलेल्या असायच्या. मग तू ते न दाखवताच पुसून टाकायचीस. हळूहळू लिहिणं कमी झालं. विहारात जाणंही थांबलं. मी कारण विचारलं तर लिहिलंस, ‘नुसते ओठ हलवायला जाऊ?’

मी तेव्हा लोअर परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत, सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होते. तिथेच एकाने सांगितलं की टाइप केलेलं मराठी मोठ्याने बोलून दाखवणारा एक प्रोग्रॅम आहे, जगभरातले हौशी लोक मिळून बनवतात, कोणीही घ्यावा, कोणीही वापरावा. मी हरखून घरी आले. पण तो तयार नव्हता गं. नुसता कोड होता. तो इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा आणि आपणच कंपाइल करायचा, म्हणजे त्यातून आपल्या कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्रॅम घडवायचा. स्वयंपाकघरात गव्हाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून मी बसले. एक भाग नाही म्हणून गाडं अडलं. तो आणला, तर त्याला आणखी एक हवा. तो आणला, तर म्हणे हा फार नवा आहे, जुना पाहिजे. प्रत्येक वेळी स्क्रीनभर इंग्रजी ओळी धावायच्या आणि खाली एरर. रोज संध्याकाळी हेच. तू भाकऱ्या थापता थापता बघत असायचीस. बनवणाऱ्यांच्या ग्रुपवर मदत मागितली तर त्यांच्यातल्या जुन्या माणसाचं एका ओळीचं उत्तर आलं, सूचना वाचा. वाचल्या होत्या मी, पाठ झाल्या होत्या. मी रडायला लागले तेव्हा तू पिठाच्या हाताने पाटी ओढलीस आणि लिहिलंस, ‘त्यांना सांग, काय काय लागतं ते एकदाच सांगा. मी पेशंटला असं खिडक्याखिडक्यांवर फिरवलं असतं तर?’ आणि खाली, मोठ्या अक्षरांत, ‘रडतेस काय बाय, जेव आधी.’

ते कंपाइल झालं तेव्हा तू परत वॉर्डात होतीस. दुखणं फुफ्फुसात उतरलं होतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी पुन्हा एकदा करून बघितलं आणि एरर आलीच नाही. डबा तसाच टाकून मी निघाले, लॅपटॉप पोटाशी धरून, तुझ्याच हॉस्पिटलाकडे. तू उशांना टेकून बसली आहेस. नर्स म्हणते, “दमवू नका हं त्यांना.” मी ‘नमस्कार’ टाइप करते आणि यंत्र बोलतं, “नमस्कार.” पुरुषी, सपाट, नाकातला आवाज. तू हसतेस. खांदे हलतात, बाकी काही नाही. शेजारच्या कॉटवरची मालवणची म्हातारी म्हणते, “अगो बाय, ह्यां बोलता!” मी तुझं बोट धरून कीबोर्डवर नेते. तुझ्या हातात खडू धरायचीही ताकद नाही. खूप वेळ घेऊन तू एकच शब्द दाबतेस. यंत्र म्हणतं, “घरी.”

मी म्हटलं, “हो, जाऊया ना. डॉक्टर सोडतील दोन दिवसांत.” तू डोळे मिटलेस. त्यानंतर तू काही टाइप केलं नाहीस. आम्ही तुला घरी आणलं, पण चादरीत गुंडाळून.

तू गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला वंदना दुसऱ्या बाईंनी सांगितली. मी मागून म्हणू शकले नाही. पुढे कित्येक महिने मी तो लॅपटॉप उघडला नाही, आणि उघडला तेव्हा तो प्रोग्रॅमच घेऊन बसले. काय काय कमी आहे ते आधीच तपासून एकदम, मराठीत सांगणारा भाग मी लिहिला. मग सगळे सुटे भाग एकत्र बांधून अशी फाइल केली की नुसतं क्लिक केलं की प्रोग्रॅम बसेल, कंपाइल करायलाच नको. त्या जुन्या माणसाने आडकाठी घातली. लिहिलं, “ज्याला खरंच गरज आहे तो शिकून घेईल.” मी लिहिलं, “माझ्या आईकडे शिकायला दिवस उरले नव्हते.” मग एके सकाळी त्याने माझं सगळं काम मूळ प्रोग्रॅममध्ये घेतलं, आणि पुढची कितीतरी वर्षं जुने-पुराणे कॉम्प्युटर गोळा करून ते प्रत्येकावर बसतं का हे स्वतः तपासत राहिला. आता फोनवर याहून गोड आवाज मिळतात. पण ज्यांच्याकडे जुना कॉम्प्युटर आहे, इंटरनेट नाही, ते अजून हेच वापरतात.

प्रोग्रॅमसोबत मी माझा नंबर देते, त्यावर काल माहीमहून एका मुलीचा फोन आला. तिच्या वडिलांचं तुझ्यासारखंच ऑपरेशन झालंय. म्हणाली, “ताई, मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, तरी पहिल्या झटक्यात झालं. पप्पा लगेच बोलले.” मी विचारलं, पहिलं काय बोलले? ती हसत सुटली. “म्हणाले, चहात साखर कोणी नाही टाकली?” मीही हसले. फोन ठेवला आणि ओट्यापाशीच उभी राहिले. एवढंच हवं होतं आई मला. तू साखरेवरून भांडायला हवी होतीस.

हे पाठवायचं कुठे? आणि खरं म्हणजे एक गोष्ट तुला सांगवत नाही. तुझा आवाज आपण कधी रेकॉर्ड केला नाही, आणि आता तो मला आठवत नाही. तू मला ‘बाय’ म्हणायचीस तो शब्द आठवतो, तेव्हाचा तुझा चेहराही आठवतो, पण ऐकू येतो तो त्या यंत्राचा आवाज.