जमिनीला जोडलेली जाळी

६ एप्रिल १९४१, कारंजा लाड

मूर्तिजापूरहून छोट्या गाडीने आलो. गाव आवडले. गुलाबसिंग मालकांनी बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये बोलपट दाखवायचे योजले आहे आणि यंत्राचा मुखत्यार मी. शाळा चौथीपर्यंत. पुढची विद्या मोडक्या रेडिओंनी दिली, ती अजून कोणा बी.एस्सी.वाल्यापुढे कमी पडलेली नाही. पहिला खेळ १८ तारखेला. मालक म्हणाले, आवाज साफ निघाला तर नोकरी कायम, नाहीतर आलात त्याच गाडीने परत. वय सत्तेचाळीस. परत जाण्यासारखे मागे काही ठेवलेले नाही.

इंजिन चालवणारा युसूफ तोंडाळ आहे. म्हणाला, मास्तर, आवाज साफ करायले रिठे आणू का? झाडलोटीला चतुराबाई म्हणून म्हातारी आहे. ती कामापुरतेच बोलते.

८ एप्रिल

कर्ण्यातून घरघर. पात्रे बोलतात ते पिठाच्या गिरणीत बसून बोलल्यासारखे. दोष डायनामोचा नाही, तारेचा. चित्राच्या यंत्रापासून आवाज वाढवणाऱ्या पेटीपर्यंत बावीस फूट तार. तिच्यातला आवाज मुंगीच्या पावलाएवढा, आणि वाटेत डायनामोचा गोंगाट तिला चिकटतो. पेटी आपले-परके ओळखत नाही, दोन्ही सारखेच वाढवते.

उपाय एकच. तारेवर रबर आहेच, त्यावर तांब्याची विणलेली जाळी. गोंगाट जाळीवर अडतो, जाळी जमिनीला जोडली की तिथे जिरतो. जोडायची मात्र एकाच टोकाला. दोन्ही टोके जोडणारा शहाणा नवी गुणगुण पदरात घेतो. अशी तार इथे मिळत नाही, म्हणून जुन्या तारा सोडवून जाळी स्वतः विणली. युसूफ विचारतो, कोनाच्या लग्नाचा पट्टा विणून राह्यले?

१० एप्रिल

सगळीकडे कोरडा मुरूम, त्यात गोंगाट जिरत नाही. उत्तरेच्या कोपऱ्यात तेवढी भुसभुशीत जागा. तिथे सहा फुटी लोखंडी नळ ठोकला. कोळसा, मीठ, पाणी घातले. चार घावांत नळ आत गेला. शेवटचा घाव पोकळ वाजला.

जाळी जोडताच घरघर बंद! युसूफनेही टोपी काढली.

त्या शांततेत कर्ण्यातून कोणी खोकल्यासारखे वाटले. सांधा सैल असेल.

१२ एप्रिल

सांधा सैल नाही. तीनदा तपासला. भर दुपारी दोन वाजता, फीत चढवलेली नसताना, कर्ण्यातून पुरुषाचा आवाज आला. वर ओढा रे, जीव घाबरून राह्यला.

जाळी जमिनीपासून सोडवली. आवाज गेला, घरघर आली. जोडली. घरघर गेली, आवाज आला. सात वेळा केले.

बाहेरून येणारे जाळी अडवते. म्हणजे हे बाहेरून येत नाही. आम्ही गोंगाट जिथे सोडतो, तिथून येते.

१४ एप्रिल

चतुराबाईने ऐकले. झाडू टाकून कर्ण्यासमोर बसली. म्हणाली, हा पुंजाजी. तिचा नवरा.

तिनेच सांगितले, नळाच्या कोपऱ्यात पूर्वी ज्वारीचे पेव होते, जमिनीखाली धान्य ठेवायची विहिरीएवढी खोली. बंद पेवात हवा विषारी होते, म्हणून माणसाआधी दोराने दिवा सोडतात. विझला तर कोणी उतरत नाही. बावीस वर्षांपूर्वी व्यापाऱ्याच्या गाड्या खोळंबल्या होत्या. मालकांचे वडील म्हणाले, दिवा कायले पायजे, उतर. पुंजाजी उतरला. प्रेतही काढले नाही, तोंडावर फळ्या टाकून वरून माती लोटली.

मालकांना सांगितले. ते म्हणाले, अठरा तारीख ध्यानात ठेवा, पडद्यावरच्या गाण्यात ऐकू येनार नाही. नळ काढला असता तर घरघर आली असती.

मी नळ राहू दिला. मी.

१५ एप्रिल

आवाज मोठा झाला. माती जितकी ओली तितका साफ — हे मला ठाऊक आहे — पण आज मी पाणी घातले नव्हते. चतुराबाई घागरीने घालते आहे. म्हणते, त्याले तहान लागली.

१६ एप्रिल, सकाळ

इंजिन बंद. पेटी बंद. तारा काढून ठेवल्या.

तरी बोलतो —

अठरा तारीख गेली खड्ड्यात. नळ उपटला. भोवतीची जमीन खचली. पेवाचे तोंड. युसूफ पळाला, मालकांना आणतो म्हणाला. आला नाही.

दुपार

दिवा सोडला. चार हातांवर विझला. पुन्हा पेटवला. चार हातांवरच.

चतुराबाईला सांगितले, बाई, दिवा विझला. ती म्हणाली, मले दिसून राह्यलं. कंदील ठेवायला पाठ वळवली तेवढ्यात — दोर कमरेला बांधून — उतरली.

सोळा हात दोर गेला. मग सैल. ओढला. येत नाही. एकीचे वजन नाही हे.

नंतर

ती खालून बोलते आहे. स्पष्ट. मास्तर, दोर धरा, आमी दोघं येतो.

जिथे ज्योत जगत नाही तिथे श्वास नाही. श्वास नाही तर आवाज — हे लिहून ठेवले पाहिजे, कोणी विश्वास — घामाने हात घसरतात, म्हणून टोक माझ्या कमरेला बांधले आहे. काठापासून मी पाच हात.

दोर ताठ झाला. वर यायला हवा, तो खाली —

चार हात. गाठ सुटत नाही. ती म्हणते तिसऱ्याची जागा —

दोन